हंगाम मार्चात, पैसे मे महिन्यात: कमाई कोणत्या वर्षात धरायची?

कोकणात स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या हिशेबात ३१ मार्च फार अडचणीच्या जागी येतो. शिमग्याला आलेले चाकरमानी नुकतेच परतलेले असतात, हापूसच्या पेट्या वाशीला जायला लागलेल्या असतात, मे महिन्याच्या सुट्टीची बुकिंगं आणि त्यांचा अॅडव्हान्स येऊन पडलेला असतो. मच्छीमारांचे पावसाळी बंदीआधीचे शेवटचे दोन महिने उरलेले असतात. हंगाम ऐन भरात असताना आयकराचं वर्ष मात्र संपतं. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या दुकानदाराला क्वचित पडणारा प्रश्न इथे होमस्टेवाल्याला, स्कूबावाल्याला, आंबा व्यापाऱ्याला दरवर्षी पडतो: मार्चमध्ये आलेले पैसे या वर्षाचे की पुढच्या? काम मार्चमध्ये केलं आणि पैसे मे महिन्यात आले, तर ते कुठे धरायचे?

उत्तर ठरवण्याची एक पद्धत असते. ती एकदा निवडायची आणि पाळायची. दर मार्चमध्ये सोयीचं असेल ते धरायची मुभा कायदा देत नाही, आणि नवीन धंदेवाल्यांना या धरसोडीमुळे आयकर खात्याची नोटीस येऊ शकते. म्हणून पहिल्याच वर्षी हे नीट लावून घ्या.

पहिली पायरी: कमाई कोणत्या खात्यातली, ते आधी ठरवा

तारखेचा प्रश्न यानंतरचा, कारण प्रत्येक प्रकारच्या उत्पन्नाला तारखेचा नियम सारखा नाही. कोकणात तर एकाच घरात चार प्रकारची कमाई असते.

स्वतःच्या बागेतला आंबा, काजू बी, नारळ, सुपारी विकून आलेले पैसे हे शेती उत्पन्न. त्यावर केंद्राचा आयकर नाही. पण ते विवरणपत्रात दाखवावं लागतं. शेती उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर बाकीच्या उत्पन्नावरचा कर काढताना ते हिशेबात घेतलं जातं. शेजाऱ्याच्या बागेतला माल घेऊन पेट्या भरल्या, तर तो व्यापार झाला. झाडावरचं तयार फळ नुसतं विकत घेऊन उतरवणाराही व्यापारीच. बाग खंडाने घेऊन खत, फवारणी, राखण सगळं स्वतः करणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याचं उत्पन्न शेतीचं धरलं जाऊ शकतं. आमरसाचे डबे, आंबापोळी, कोकम सरबत किंवा काजूगर करून विकलं, तर प्रक्रियेतून मिळणारा नफा धंद्याचा.

मासेमारीबद्दल मोठा गैरसमज आहे. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, कुठल्याही बंदरावर विचारा, 'आम्ही पण शेतकऱ्यासारखेच' असं ऐकू येतं. कष्टाच्या बाबतीत ते खरंच आहे. पण आयकर कायद्याच्या दृष्टीने शेती उत्पन्न जमिनीतून यावं लागतं. समुद्रातल्या मासळीची विक्री हे धंद्याचं उत्पन्न आणि ते करपात्र आहे.

होमस्टे किंवा निवास-न्याहारी, म्हणजे खोली, जेवण, साफसफाई, पाहुण्यांची ऊठबस, हे साधारणपणे धंद्यात धरतात. तेच घर एखाद्या बँक कर्मचाऱ्याला महिन्याच्या भाड्याने दिलं, तर ते घरभाड्याचं उत्पन्न. त्याला पुढे सांगितलेली रोख पद्धत लागू होत नाही. भाडेकरूने मार्चचं भाडं एप्रिलमध्ये दिलं तरी ते मार्चचंच.

दुसरी पायरी: वर्षाची हद्द

वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. धंदा नवीन असेल तर पहिलं वर्ष धंदा सुरू झाल्याच्या दिवसापासून त्याच ३१ मार्चपर्यंत. फेब्रुवारीत तारकर्लीला खोल्या सुरू केल्या, तर पहिलं वर्ष दोन महिन्यांतच संपतं.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ लागू झाला. त्यात 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' ही घोळात टाकणारी जोडी जाऊन एकच 'कर वर्ष' आलं आणि कलमांचे क्रमांकही बदलले. २०२५-२६ या वर्षाची कमाई मात्र जुन्या कायद्याखालीच मोजायची आहे. सीए, बँका आणि लोक अजून जुने क्रमांकच बोलतात, म्हणून मीही इथे तेच वापरतो.

तिसरी पायरी: रोख की मर्कंटाइल, एक निवडा

सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, त्यामुळे थोडं सावकाश वाचा.

१९६१ च्या कायद्याचं कलम १४५ म्हणतं की धंद्याचं उत्पन्न रोख पद्धतीने किंवा मर्कंटाइल पद्धतीने मोजा, मात्र जी पद्धत असेल ती नियमित पाळा.

रोख पद्धतीत पैसे आले त्या तारखेला उत्पन्न आणि पैसे दिले त्या तारखेला खर्च. उधारी येईपर्यंत ती हिशेबात नाही. डिझेलचं बिल दिलं नाही, तोवर तो खर्च नाही.

मर्कंटाइल पद्धतीत काम पूर्ण होऊन पैसे मागण्याचा हक्क तयार झाला त्या तारखेला उत्पन्न, पैसे नंतर कधीही येवोत. खर्चाचंही तसंच: देणं तयार झालं की खर्च, पैसे नंतर दिले तरी.

गुहागरचा एक होमस्टे घेऊ. पाहुणे मे महिन्यात चार दिवस राहणार, एकूण ४०,००० रुपये. त्यांनी २० मार्चला १५,००० अॅडव्हान्स पाठवला आणि निघताना उरलेले २५,००० दिले. रोख पद्धतीत १५,००० हे मार्चला संपणाऱ्या वर्षात आणि २५,००० पुढच्या वर्षात. मर्कंटाइल पद्धतीत मार्चमध्ये काहीच नाही, कारण तुम्ही अजून सेवा दिलेली नाही. अॅडव्हान्स हे त्या दिवशी तुमच्यावरचं देणं आहे. सगळे ४०,००० पुढच्या वर्षात.

आता उलट बाजू. मालवणला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका कंपनीच्या सहलीला पॅरासेलिंग आणि स्कूबा करवलं, बिल ६०,००० रुपये, कंपनीने पैसे मे महिन्यात टाकले. रोख पद्धतीत ही पुढच्या वर्षाची कमाई. मर्कंटाइल पद्धतीत बिल या वर्षाचं, आणि खिशात रुपया नसताना त्यावर कर भरावा लागू शकतो.

पाहुणे ३० मार्चला आले आणि २ एप्रिलला सकाळी गेले, तर? मर्कंटाइल पद्धतीत दोन रात्री या वर्षाच्या, एक पुढच्या. रोख पद्धतीत फक्त पैसे आल्याची तारीख बघायची.

यातलं काय निवडावं? ज्यांना अॅडव्हान्स कमी मिळतो आणि उधारी जास्त राहते, त्यांना माझ्या मते रोख पद्धत सोपी: कंत्राटी सुतार-गवंडी, फोटोग्राफर, गावाकडून काम करणारे डिझायनर, सहलींना गाडी पुरवणारे. कर भरायला पैसे आधी हातात येतात, आणि बुडालेल्या उधारीवर कर भरण्याची वेळ येत नाही. ज्यांना अॅडव्हान्स भरपूर मिळतो, म्हणजे होमस्टेवाले आणि मंगल कार्यालयवाले, त्यांना मर्कंटाइल न्याय्य वाटेल. पण मग हिशेबही तसा ठेवावा लागतो: प्रत्येक बुकिंगची राहण्याची तारीख, येणं, देणं सगळं. पहिल्या वर्षी एकट्याने वही सांभाळणाऱ्याने याचा विचार करूनच निवड करावी.

दोन वेगळे धंदे असतील तर दोन्हींसाठी वेगवेगळी पद्धत चालते. एकाच धंद्यात मात्र विक्री रोखीने आणि खर्च मर्कंटाइलने, अशी खिचडी चालत नाही. पद्धत बदलायची असेल तर खरं कारण हवं आणि बदलल्यावर पुढेही तीच पाळायला हवी.

मर्कंटाइल पद्धतीत एखादी उधारी बुडालीच, तर ती वहीत रीतसर 'बुडीत' म्हणून लिहून टाका. ज्या वर्षी लिहाल, त्या वर्षी ती नफ्यातून वजा होते. नुसतं 'तो आता देणार नाही' असं मनात धरून चालत नाही.

चौथी पायरी: पैसे नेमके कधी हाती आले

रोख पद्धत घेतलेल्याला हा भाग महत्त्वाचा.

यूपीआय आणि बँक ट्रान्सफर: खात्यात जमा झाल्याची तारीख. ३१ मार्चच्या रात्री पावणेबाराला आले तरी ते त्याच वर्षाचे.

चेक: तुमच्या हाती पडल्याची तारीख, चेक वटला तर. बँकेने दोन दिवसांनी जमा केला म्हणून वर्ष बदलत नाही. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या एका निकालात आला, आणि तो खटला आपल्या कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा होता. प्रभाकर कंदील बनवणाऱ्या ओगले ग्लास वर्क्सला सरकारी कामाचे चेक दिल्लीहून पोस्टाने येत. मुख्य वाद पैसे कुठे मिळाले याचा होता, पण वटलेल्या चेकचं पेमेंट चेक मिळाल्याच्या तारखेलाच झालं असं धरायचं, हेही न्यायालयाने त्यात सांगितलं. म्हणून २९ मार्चला मिळालेला चेक ५ एप्रिलला मुद्दाम बँकेत टाकून उपयोग नाही. पुढची तारीख घातलेला चेक असेल, तर ती तारीख येईपर्यंत पैसे मागता येत नाहीत, तेव्हा तो वेगळा ठेवा.

पेमेंट अॅपचं वॉलेट: परदेशी गिऱ्हाइकाने पैसे पाठवले, ते वॉलेटमध्ये तुमच्या नावावर पडून आहेत आणि तुम्ही कधीही काढू शकता, तर ते मिळालेलेच. बँकेत कधी ओढले याला महत्त्व नाही. कुडाळ किंवा सावंतवाडीत बसून बाहेरदेशी काम करणाऱ्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावं.

बायकोच्या किंवा आईच्या खात्यावर मागवलेले पैसे: काम तुमचं असेल तर उत्पन्न तुमचंच. घरातल्या कुणाच्या नंबरवर क्यूआर कोड लावलेला असतो, तिथे हिशेब हमखास बिघडतो. धंद्यासाठी वेगळं खातं काढा, बाकी काही केलं नाही तरी एवढं करा.

डिपॉझिट: वस्तू परत केल्यावर परत द्यायची अनामत, उदाहरणार्थ भाड्याने दिलेल्या स्कूटरची, हे उत्पन्न नाही. ती वेगळ्या पानावर लिहा. परत न देता नुकसानीपोटी ठेवून घेतलीत, तर ठेवून घेतली त्या दिवशी ती उत्पन्नात येते.

आणि एक अगदी नेहमीची चूक. ऑनलाइन बुकिंग कंपनीने पाहुण्याकडून ५,००० घेतले, आपलं कमिशन कापून तुम्हाला ४,२०० पाठवले. तुमची उलाढाल ५,००० आहे आणि ८०० हा खर्च. बँकेत आलेली रक्कम म्हणजेच विक्री असं धरून विवरणपत्र भरलं, की ते आयकर खात्याकडच्या माहितीशी जुळत नाही. वाशीच्या दलालाकडून येणाऱ्या पट्टीलाही हेच लागू: हमाली, तोलाई, अडत कापून खाली दिसतो तो आकडा निव्वळ असतो. विक्री वरच्या ओळीतली धरा.

पाचवी पायरी: अंदाजित उत्पन्नाची सोय

छोट्या धंद्याला प्रत्येक खर्चाची पावती सांभाळायची नसेल, तर कलम ४४एडी आहे. वर्षाची उलाढाल २ कोटींपर्यंत असेल, तर रोखीने आलेल्या उलाढालीच्या ८ टक्के आणि बँक किंवा यूपीआयने आलेल्या उलाढालीच्या ६ टक्के नफा धरून कर काढता येतो. रोखीची आवक ५ टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा ३ कोटी. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए, सॉफ्टवेअर सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांना ४४एडीए: ५० लाखांपर्यंतच्या जमेच्या निम्मा नफा धरायचा, रोखीची आवक ५ टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा ७५ लाख. कमिशनवर किंवा एजन्सीवर चालणाऱ्याला ४४एडी मिळत नाही. जमीन-जागेची दलाली करणाऱ्यांनी हे नोंद करून ठेवावं, कारण किनाऱ्यावर तो धंदा वाढतो आहे.

समजा दापोलीच्या एका होमस्टेची उलाढाल १४ लाख, त्यातले ९ लाख यूपीआयने आणि ५ लाख रोख. ९ लाखांचे ६ टक्के ५४,००० आणि ५ लाखांचे ८ टक्के ४०,०००, मिळून ९४,००० नफा धरता येतो. पण हा किमान आकडा आहे. प्रत्यक्षात जास्त नफा झाला असेल तर जास्त दाखवा. हे मी कळकळीने सांगतो. दोन वर्षांनी नवीन खोल्या बांधायला किंवा होडीला इंजिन घ्यायला बँकेत जाल, तेव्हा मॅनेजर हीच विवरणपत्रं मागेल. ९४,००० च्या नफ्यावर कर्ज उभं राहणार नाही.

इथेही तारखेचा प्रश्न सुटत नाही. टक्केवारी ज्या उलाढालीवर लावायची, ती उलाढाल तुमच्या पद्धतीनेच मोजायची. मर्कंटाइल पद्धतीतल्या ३१ मार्चच्या उधारीबद्दल एक उपयोगी नियम आहे: ती उधारी विवरणपत्राच्या मुदतीच्या आत बँकेतून आली, तर तिच्यावर ६ टक्केच नफा धरता येतो. म्हणून येणी वसूल करताना रोख न घेता ट्रान्सफर मागा. ४४एडी घेऊन मध्येच सोडली, तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

सहावी पायरी: टीडीएसची तारीख आणि तुमची तारीख

गिऱ्हाईक मोठं असेल तर ते पैसे देताना टीडीएस, म्हणजे तुमच्या नावावर सरकारकडे भरायचा कर, आधीच कापतं: व्यावसायिक फी असेल तर साधारण १० टक्के, कंत्राटी काम करणाऱ्या व्यक्तीला १ टक्का. ऑनलाइन बुकिंग कंपन्या कलम १९४ओ खाली ०.१ टक्का कापतात. वर्षात त्या कंपनीमार्फत ५ लाखांपर्यंतच व्यवहार असेल आणि पॅन दिलेला असेल, तर व्यक्तीला तेवढाही कापला जात नाही.

घोळ इथे होतो. कंपनीने ३१ मार्चला तुमचं बिल वहीत घेतलं, टीडीएस त्याच वर्षाच्या २६एएस मध्ये (तुमच्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता) दिसला, आणि पैसे एप्रिलमध्ये आले. तुमची पद्धत रोख आहे, म्हणजे उत्पन्न पुढच्या वर्षाचं. अशा वेळी टीडीएसचं क्रेडिटही उत्पन्नाबरोबर पुढच्या वर्षी घ्यायचं. विवरणपत्राच्या टीडीएस तक्त्यात क्रेडिट पुढे नेण्याचा रकाना असतो, तो भरा. क्रेडिट या वर्षी घेतलं आणि उत्पन्न पुढच्या वर्षावर ढकललं, तर नोटीस ठरलेली. आणि उत्पन्न धरताना कापलेला टीडीएस त्यात मिळवून धरा. खात्यात ५४,००० आले आणि ६,००० कापले, तर उत्पन्न ६०,०००.

विवरणपत्र भरण्याआधी आयकराच्या पोर्टलवर २६एएस आणि एआयएस (तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांची आयकर खात्याकडची माहिती) दोन्ही उघडून आपल्या वहीशी ताडून पाहा. फरक असेल तर कारण एका ओळीत लिहून ठेवा.

सातवी पायरी: आगाऊ कर, आणि जीएसटीची वेगळी तारीख

वर्षाचा कर टीडीएस वजा जाता १०,००० किंवा जास्त होणार असेल, तर तो वर्षभरात भरावा लागतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत पूर्ण. ४४एडी किंवा ४४एडीए घेतलेल्यांना सगळा एकदम १५ मार्चपर्यंत. किनाऱ्यावरच्या धंद्याची मोठी कमाई एप्रिल-मे मध्येच होऊन जाते आणि पावसाळ्यात हात रिकामे असतात, म्हणून मे महिना संपताच कराची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवलेली बरी.

२०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. बऱ्याच जणांना त्यामुळे काहीच भरावं लागणार नाही. तरीही उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर विवरणपत्र भरायचंच असतं.

जीएसटी नोंदणी असेल तर सेवेचा अॅडव्हान्स मिळाल्याच्या तारखेलाच जीएसटी लागू होतो, तुमची आयकराची पद्धत काहीही असो. त्यामुळे मार्चचा जीएसटी आकडा आणि आयकराची विक्री यांत फरक पडू शकतो. तो फरक चुकीचा नाही, फक्त मांडून दाखवता आला पाहिजे.

आठवी पायरी: ३१ मार्चच्या संध्याकाळी वहीत काय हवं

रोख पद्धतवाल्याने बँक, यूपीआय, वॉलेट आणि गल्ला यांची त्या दिवशीची शिल्लक लिहावी, हाती असलेल्या चेकची यादी करावी, आणि अनामत रकमा वेगळ्या काढाव्यात. मर्कंटाइलवाल्याने याशिवाय तीन याद्या कराव्यात: काम झालं पण पैसे यायचे, पैसे आले पण काम व्हायचं, आणि आपण कुणाचे किती देणं लागतो. मालाचा धंदा असेल तर शिल्लक मालाची मोजणीही. पेट्या, डबे, बर्फातली मासळी, जे असेल ते किमतीसह.

खर्चाच्या बाजूला एक नियम नवीन माणसाला फार महागात पडतो: एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिलेला खर्च सहसा वजा मिळत नाही. मच्छीमाराकडून थेट घेतलेली मासळी किंवा शेतकऱ्याकडून थेट घेतलेला शेतमाल याला सूट आहे, पण इंजिन दुरुस्तीच्या बिलाला किंवा सिमेंटच्या दुकानाला नाही.

सीएकडे जाताना या याद्या, बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट, बुकिंग कंपन्यांचे मासिक अहवाल आणि दलालाच्या पट्ट्या बरोबर न्या. पूर्ण हिशेब देऊन आयटीआर-३ हा विवरणपत्राचा नमुना भरत असाल, तर त्यात हिशेबाची पद्धत कोणती आणि गेल्या वर्षापेक्षा ती बदलली का, असे दोन स्वतंत्र प्रश्न असतात. ते सीएने अंदाजाने भरू नयेत म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा: धंद्याचं नाव, सुरू झाल्याची तारीख, आणि पद्धत रोख की मर्कंटाइल.